मौन म्हणजे गर्व नव्हे : इंटेलिजन्समधून निवृत्त होऊन गावी आलेल्यांविषयी

निवृत्त सुभेदार, कोरेगाव :
मागच्या आठवड्यात आमच्या भागातील एका फौजीचा निवृत्तीनिमित्त सपत्नीक सत्कार झाला, त्यावर ‘वाईकर मास्तर’ यांनी येथे लिहिले की, तीस वर्षे लष्कराच्या इंटेलिजन्समध्ये, म्हणजे गुप्तवार्ता कोअरमध्ये काढून आलेला माणूस भाषणाला उभा राहतो, दोन वाक्ये बोलून खाली बसतो आणि ज्या गावाने उघड्या जीपमधून मिरवणूक काढली त्या गावाला एक अनुभवही सांगत नाही, हा गर्व आहे. हे वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे, कारण मीही त्याच कोअरमधून निवृत्त झालो आणि माझ्या सत्कारात मीही दोनच वाक्ये बोललो होतो.

पायदळातला जवान आपण कोणत्या चौकीवर होतो आणि तिथे बर्फ किती होता हे खुशाल सांगू शकतो. आमच्या कामात मात्र जागा, वर्ष आणि माणूस या तीन गोष्टी एका वाक्यात आल्या, की ज्याने आम्हाला बातमी दिली तो उघडा पडतो. तो आजही त्याच गावात, त्याच दुकानाच्या ओट्यावर बसलेला असतो. मी निवृत्त झालो, तो झालेला नाही.

आता समोर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो आणि भाषण संपण्याआधी ते कुठच्या कुठे पोहोचते. दोन वर्षांपूर्वी मी उसाला पाणी देत असताना एक फोन आला. आवाज अत्यंत अदबशीर होता. ‘साहेब, स्पर्शमध्ये तुमची पेन्शनची माहिती अपडेट करायची आहे,’ अशी सुरुवात करून (स्पर्श म्हणजे फौजींच्या पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था) त्याने आधी माझा पेन्शन क्रमांक विचारला, मग शेवटची युनिट आणि मग तिथे सध्या साहेब कोण आहेत, असे विचारले. पेन्शनच्या कामाला या तिसऱ्या प्रश्नाची गरजच नाही. मी फोन बंद केला आणि रीतीप्रमाणे कळवले. शासकीय गुपितांचा 1923 चा कायदा पेन्शन सुरू झाली म्हणून आम्हाला सोडत नाही, हेही मास्तरांनी लक्षात घ्यावे.

वाईकर मास्तर :
सुभेदारसाहेब, गुपिते फोडा असे मी कुठेही म्हटलेले नाही. ज्या जिल्ह्यातील आपशिंगे गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागते, ज्या जिल्ह्यात 1961 साली देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली, तिथली मुले मैदानावर धावून धावून भरतीची तयारी करतात आणि इंटेलिजन्स म्हणजे काय, हे त्यांना चित्रपटातून कळते, याचे मला वाईट वाटते.

शिवाय मौनाआड पराक्रमाबरोबर चुकाही झाकल्या जातात. कारगिलनंतर नेमलेल्या सुब्रह्मण्यम समितीने गुप्तवार्ता यंत्रणेतील उणिवांवर लिहिले आणि त्या अहवालाचा मोठा भाग लोकांसमोर आला. पुढे 2002 मध्ये तिन्ही दलांसाठी संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली. उलट 1962 च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजूनही अधिकृतपणे खुला केलेला नाही. यातल्या कोणत्या मार्गाने देशाचे भले झाले? आणि 2021 मध्ये पेन्शन नियम बदलून निवृत्तांनी परवानगीशिवाय लिहू नये असे ठरवले, ते तर मला सरळ तोंड बंद करणेच वाटते.

कृष्णाकाठ, सांगली :
मास्तर, 2021 ची ती दुरुस्ती नागरी सेवेच्या पेन्शन नियमांतली आहे. लष्करी सैनिकांची पेन्शन वेगळ्या नियमांनी चालते, त्यामुळे आधी वाचावे आणि मग लिहावे. दुसरे असे की, त्या सत्काराच्या फ्लेक्सवर फौजींचा गणवेशातील फोटो, युनिटचे नाव आणि नेमणुकीची ठिकाणे छापली होती. तीस वर्षे ज्याने आपला फोटो निघू दिला नाही, त्याला गावाने चौकात टांगले. छत्रपतींचे बहिर्जी नाईक असे मिरवत होते काय?

खानापूरकर :
बहिर्जींचे नाव निघाले म्हणून लिहितो, कारण त्यांची समाधी आमच्या तालुक्यात बाणूरगडावर आहे आणि मी दरवर्षी तिथे जातो. त्यांच्याविषयी आपल्याला खात्रीने काय ठाऊक आहे? सभासदाच्या बखरीत जालन्याच्या मोहिमेचा प्रसंग आहे. मोगलांची फौज आडवी आली असता बहिर्जींनी महाराजांना वेगळ्या वाटेने पट्टागडावर सुखरूप नेले. तेवढे आणि आणखी थोडे सोडले, तर वेषांतराच्या गोष्टी, पक्ष्यांचे आवाज काढून दिलेले इशारे, हे सगळे लोकांच्या तोंडी वाढलेले आहे. त्यांनी बातमी कशी काढली आणि माणसे कशी निवडली, यातले काहीच उरले नाही.

कृष्णाकाठ, सांगली :
म्हणजे आमच्या आजोबांनी सांगितलेले सगळे खोटे? ज्या माणसामुळे स्वराज्य टिकले, त्याच्या समाधीजवळ राहून त्यालाच दंतकथा ठरवता, हे मला सहन होणार नाही.

खानापूरकर :
मी त्यांना दंतकथा म्हटलेले नाही, आपण शांतपणे पुन्हा वाचावे. खरी माहिती उरली नाही म्हणून त्या जागी कल्पना आल्या, एवढेच माझे म्हणणे आहे. समाधीपाशी एकदा नातवाने विचारले, ‘हे काय करत होते?’ तेव्हा ‘हेर होते’ यापलीकडे मला चार वाक्ये खात्रीने सांगता आली नाहीत. मला मास्तरांचे पटते ते याच कारणाने.

निवृत्त सुभेदार, कोरेगाव :
बातमी देणारी माणसे पुढेही सुरक्षित राहिली, ती कदाचित काही उरले नाही म्हणूनच, असेही असू शकेल.

निवृत्त हवालदार, माण :
आपण भाषणावर वाद घालत आहात, मला मात्र पोटापाण्याचे बोलायचे आहे. मी बेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडलो. अर्धी पेन्शन विकून घर बांधले, ती 15 वर्षांनी पूर्ववत होणार. नोकरीच्या अर्जात ‘अनुभव’ या रकान्यात काय लिहावे, हे कळेना. मी दोन भाषा बोलतो, नकाशा वाचतो, दहा वर्षे अहवाल लिहिले आहेत, पण यातले काय लिहिलेले चालेल याची धास्ती वाटून शेवटी ‘कार्यालयीन काम’ एवढेच लिहिले. आज एका कारखान्याच्या फाटकावर बारा तास उभा राहून गाड्यांचे नंबर टिपतो. आमच्या मौनाची ही किंमत कोणी मोजली आहे का?

फौजीची पत्नी, खटाव :
मी येथे केवळ वाचते, आज पहिल्यांदाच लिहीत आहे. माझे यजमान अठ्ठावीस वर्षे याच कामात होते. पत्रावर ‘56 एपीओ’, म्हणजे लष्करी टपालघराचा क्रमांक, एवढाच पत्ता असायचा. सासूबाई विचारायच्या, ‘आता कुठं हाय त्यो?’ आणि मी सांगायची, ‘स्टोअरला आहेत.’ तक्रार कधी केली नाही, कारण हे का लपवायचे ते ठाऊक होते.

पण निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तरी हे अजून लग्नात भिंतीला पाठ लावूनच बसतात. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये यांचे फोटो दोन, तेही अर्धे वळलेले. रात्री कडी लावून झाल्यावर पुन्हा उठतात आणि बोटाने ती चाचपून पाहतात, मग पुन्हा एकदा. मी विचारले की ‘काही नाही’ म्हणतात. येताना पेन्शनचे, कॅन्टीनचे, दवाखान्याच्या कार्डाचे कागद नीट लावून मिळाले. मात्र जे सांगायचे नाही ते सोडून उरलेले कसे बोलावे, हे यांना कोणी शिकवले नाही. सुभेदारसाहेब, तुम्ही कायद्याचे लिहिले ते खरे आहे. पण भीती वाटली होती, घरची आठवण आली होती, एवढे बायकोला सांगायला कोणता कायदा आडवा येतो?

निवृत्त सुभेदार, कोरेगाव :
वहिनी, तुमचे लिहिणे मी तीनदा वाचले आणि शेवटी ते घरात वाचून दाखवले. आमच्या मंडळी काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मास्तरांचेही एक म्हणणे मला मान्य करावे लागते. युद्धांचे आणि मोहिमांचे अभिलेख साधारण 25 वर्षांनी खुले करावेत, असे धोरण संरक्षण मंत्रालयाने 2021 मध्ये जाहीर केले आहे, त्यामुळे जे सांगायचे ते योग्य ठिकाणी नोंदवून ठेवणे शक्य आहे आणि ते करायला हवे. मात्र ती नोंद जीपवर उभे राहून, ध्वनिक्षेपकासमोर होणार नाही. यजमानांना माझा निरोप द्या. त्यांची हरकत नसेल तर मी खटावला येतो. युनिटचे नाव ते विचारणार नाहीत आणि मीही विचारणार नाही.

वाईकर मास्तर :
2021 च्या नियमाबाबत माझी चूक झाली, ती मान्य आहे. ‘गर्व’ हा शब्द मी मागे घेतो. मुलांना या कामाची ओळख व्हावी, हे मत मात्र कायम आहे आणि माणच्या हवालदारांना शाळेत नकाशावाचन शिकवण्यासाठी बोलवावे, असे मी उद्या मुख्याध्यापकांना सांगणार आहे. त्यांनी येथे होकार कळवावा.