काम करताना लागलं, पण सांगितलं उशिरा : तुमचे अनुभव लिहा

कोल्हापूर भागात शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कागल, इचलकरंजी, कुठंही काम करत असाल तर हे बघितलं असणारच. कामावर लागलं तेव्हा गडी काही बोलला नाही आणि चार दिवसांनी सुजलेला हात घेऊन केबिनच्या दारात उभा राहिला. मग पुढं काय झालं? कामगार, मुकादम, मालक, डॉक्टर, सगळ्यांनी लिहा. 'नियम पाळावेत' एवढंच लिहू नका, ते भिंतीवर लावलेलं असतंच. सुरुवात मी करतो.

फाउंड्रीतला एचआर

आमच्याकडं फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, एक पोरगा आहे. रात्रपाळीत ग्राइंडिंग करताना डोळ्यात कण गेला. चष्मा होता, पण कडेनं उघडा. शेजारच्यानं हातरुमालाच्या टोकाला पीळ देऊन कण काढायचा प्रयत्न केला, पाणी मारलं आणि पाळी पुरी केली. दोन दिवसांनी डोळा लालभडक. डॉक्टर म्हणाले, कण लोखंडाचा, बुबुळावर त्याच्याभोवती गंजाचं कडं धरलंय, खरवडून काढावं लागेल.

सुपरवायझरचं पहिलं वाक्य, "तवाच का न्हाईस सांगितलंस?" पोरगा गप्प. आधी दवाखाना उरकला, मग त्याला बसवून त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. नोंदवहीत दोन्ही तारखा घातल्या, घडल्याची आणि कळल्याची. एकानं सल्ला दिला की अपघात आजचाच दाखवा, कटकट नको. असलं अजिबात करू नका. ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) नियमात मालकाची मुदत अपघात कळल्यापासून मोजतात, दुखापत गंभीर असेल तर लगेच, एरवी ४८ तासांत फॉर्म १२, म्हणजे अपघाताचा अहवाल. मग खोटी तारीख घालून मिळवायचं काय? उलट डॉक्टरांच्या कागदाशी ती जुळत नाही आणि पोराचाच दावा अडकतो.

तो का बोलला नाही, ते नंतर शेजारच्याकडून कळलं. महिन्यात एकही खाडा नसेल तर हजेरी बोनस. दवाखान्यात गेलं की खाडा. अपघाताची रजा खाड्यात धरायची नाही, हे मालकांकडून लेखी घ्यायला बरंच डोकं फोडावं लागलं. त्यानंतर नोंदवहीत चिरा पडल्याच्या, भाजल्याच्या नोंदी वाढल्या. मालक म्हणाले, "अपघात वाढले की ओ!" अहो, आधी ते हळद लावून घरी जात होते.

उद्यमनगर, छोटं वर्कशॉप

साहेब, तुमचं बरोबर आहे, पण सोमवारी सकाळी गुडघा धरून येणाऱ्याचं काय करायचं? रविवारी तालमीकडून फुटबॉल खेळायचं आणि सोमवारी 'मशीनवर लागलं' सांगायचं. आमच्या एकाचा लंगडतानाचा व्हिडिओ पेठेतल्या ग्रुपवर आधीच फिरत होता! म्हणून सगळेच खोटे धरत नाही. मी तीन गोष्टी विचारतो, कुठला जॉब, कुठलं मशीन, शेजारी कोण. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत पुसलं जातं, त्यामुळं ते पहिल्यांदा काढून ठेवतो. एकाच्या कंबरेत उसण भरली होती, आठवड्यानं सांगितलं. जॉब कार्ड बघितलं तर त्या दिवशी चेनब्लॉक बंद होता आणि जड बॉक्स त्यानं एकट्यानं उचललेला. हिशोब मिटला. चौकशी करताना आवाज चढवायचा नाही एवढंच, नाहीतर पुढचा सांगायलाच येत नाही.

दवाखान्यातून

केसपेपरवर 'कसं लागलं' हा रकाना असतो. तिथं 'घरी पाय घसरला' असं लिहिलं की पुढं सगळं त्याच्यावर अडतं. बऱ्याचदा सोबत ठेकेदाराचा माणूस उभा असतो आणि उत्तर तोच देतो. मी त्याला गोळ्या आणायला धाडते आणि पेशंटला पुन्हा विचारते.

इचलकरंजी, यंत्रमाग

मागाचा धोटा (आडवा धागा नेणारा) उडून गालफडावर बसला. एक दात गेला, दुसरा हलत होता. मजुरी पिकावर, म्हणजे किती आडवे धागे विणले त्यावर, माग थांबला की पैसा थांबला, म्हणून तोंडात कापूस धरून पाळी काढली. मालकांना जॉबरनं (माग दुरुस्त करणाऱ्यानं) त्याच दिवशी सांगितलं होतं, मी बोललो महिन्यानं. आमच्यात ईएसआय न्हाई. मालक म्हणाले, आता लई उशीर झाला. युनियनच्या माणसानं सांगितलं की तवाच्या १९२३ च्या भरपाई कायद्यात दाव्याला दोन वर्षं हुती, आणि मालकाला दुसरीकडनं कळलं असंल तर नोटीस दिली न्हाई म्हणून दावा बाद होत न्हाई. जॉबर साक्षीला उभा राहिला आणि प्रकरण आपसात मिटलं. दात काय परत येत न्हाई, खर्च तेवढा निघाला.

कागलला नोकरी, राहायला कोल्हापूर

मिस्टर सेकंड शिफ्ट सुटल्यावर हायवेला गाडीवरून पडले. गेटच्या बाहेर झालं म्हणून आठवडाभर कंपनीत कळवलंच नाही. ईएसआयमध्ये २०१० पासून घर ते काम हा प्रवासही धरतात, फक्त वेळ, जागा आणि कामाचा संबंध दिसायला हवा. पंचिंगची वेळ आणि त्या रात्रीचा केसपेपर, दोन्ही आमच्याकडं होते.