वायरवाले इन-इअर इअरफोन घ्यायचेत, दुकानात नेमकं काय तपासू?

मंडळी, मदत हवी आहे. बजेट २,००० ते २,५०० रुपये. कोथरूड ते हिंजवडी बसमध्ये आणि रात्री घरी ऐकणार, बहुतेक शास्त्रीय गायन. शनिवारी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत चक्कर मारतोय.

टिप कानात घट्ट बसली नाही तर बेस गळतो आणि चांगला पीसही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, एवढं कळलंय. म्हणून माझ्या मापाच्या सिलिकॉन टिप्स खिशात घालून नेणार. पण दुकानदार हमखास ढँणढँण गाणं लावतो आणि वर "बेस बघा साहेब!" मला बघायचंय ते वेगळंच: डग्ग्याची घुमक गायकाच्या आवाजावर चढते का, आणि विलंबितात मागे तानपुऱ्याची जवारी (तारांचा झंकार) मोकळी ऐकू येते की नुसती गुणगुण? अजून काय ऐकावं? शिवाय दोन पीस ताडून बघताना व्हॉल्यूम सारखा कसा ठेवायचा? जो जरा मोठा वाजतो तोच भारी वाटतो.

बांधणीत केबल सुटी होणारी हवीच, कारण माझे सगळे जुने पीस जॅकच्या मानेशीच गेले. केबलच्या जोडणीत ०.७८ मिमीच्या दोन पिनांची टू-पिन घेऊ की दाबून बसणारं गोल एमएमसीएक्स? एमएमसीएक्स गोल फिरतं, मग लवकर सैल पडतं का? घामात कुठलं टिकतं? धातूच्या कवचाने आवाजात खरंच फरक पडतो, की नुसता रुबाब?

ब्लूटूथ कृपया सुचवू नका. चार्जिंगचं आणखी एक लचांड नकोय.