कृष्णा खोरं: पाऊस तेवढाच, मग विजयवाड्याचा प्रवाह का आटला?

जलरेषा: कृष्णा खोऱ्याचा १९०१ पासूनचा दैनिक पाऊस (हवामान खात्याची ०.२५ अंशांची जाळी, म्हणजे चौकोनाचौकोनांत मांडलेला पाऊस) घेऊन वार्षिक सरासरी काढली. मान-केंडॉल चाचणीत (आकडे सातत्याने वाढतात की घटतात हे ती तपासते) ठोस कल दिसत नाही. समुद्राला मिळणारं, म्हणजे विजयवाड्याला मोजलं जाणारं पाणी मात्र १९०१-६० या काळात वर्षाला सरासरी ५७ अब्ज घनमीटर होतं, ते १९९० च्या दशकात २१ च्याही खाली गेलं. हा हवामानबदल म्हणायचा का?

बंधारा: एवढ्यावरून नाही म्हणता येणार. विजयवाड्याला मोजलं जातं ते वापरून उरलेलं पाणी. १९६७ नंतर नागार्जुनसागर, उजनी, श्रीशैलम, आलमट्टी अशी धरणं भरू लागली. आधी नैसर्गिक येवा, म्हणजे कुणी वापरलं नसतं तर नदीत आलं असतं ते पाणी, काढा: मोजलेला प्रवाह, त्यात वरचा सिंचन, पिणं आणि उद्योगाचा वापर, जलाशयांचं बाष्पीभवन, साठ्यातली वाढ आणि खोऱ्याबाहेर वळवलेलं पाणी मिळवा, कालव्यांतून नदीत परत आलेलं वजा करा. वळवलेलं पाणी हमखास विसरलं जातं. कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीत उतरतं, मुळशीचं भिऱ्यावरून कुंडलिकेत. उलट २०१५ पासून पट्टिसीमा उपसा योजनेतून गोदावरीचं पाणी विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजच्या वर येऊन मिळतं. ते वजा न केल्यास कृष्णेचा येवा फुगलेला दिसेल.

जलरेषा: कॅलेंडर वर्ष चालेल?

बंधारा: नको. १ जून ते ३१ मे धरा. डिसेंबरअखेर धरणांत बराच साठा असतो, तो दोन वर्षांत विभागला जाऊन आकडे बिघडतात.

पर्जन्यमापक: पावसाच्या बाजूलाही बघा. या जाळीमागची केंद्रांची संख्या दरवर्षी सारखी नाही. घाटातलं एखादं केंद्र बंद पडलं की शेजारच्या कोरड्या केंद्रांवरून चौकोन भरला जातो आणि पाऊस घटल्याचा भास होतो. महाबळेश्वरला सुमारे ६००० मिमी, पूर्वेला माण तालुक्यात ५०० च्या आसपास. २७-२८ किमीच्या चौकोनात ही उतरंड सपाट होते. कृष्णेचा बराचसा येवा याच अरुंद पट्ट्यातून येतो, तेव्हा खोरेभर एकच सरासरी काढू नका. घाटमाथा, पर्जन्यछाया आणि खालचं खोरं वेगळे करा, आणि सलग नोंद असलेली ठरावीक केंद्रं घेऊन ताळा करा. फाइलमधला -९९९ म्हणजे नोंद नाही. तो सरासरीत गेला तर सगळं वाया.

पाऊस आणि येव्याच्या संचित (वर्षागणिक मिळवत नेलेल्या) बेरजा एकमेकींसमोर मांडा. रेषेचा चढ जिथे मोडतो ते वर्ष धरणांच्या तारखांशी जुळतं का पाहा.

खोरेवाला: यात राज्यांमधल्या कृष्णा पाणीवाटपाच्या लवादांचे आकडे बोलके आहेत. बच्छावत लवादाने १८९४-९५ पासूनच्या ७८ वर्षांवरून ७५ टक्के विश्वासार्हतेचा (चारपैकी तीन वर्षं तरी मिळणारा) येवा २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) धरला. ब्रिजेश कुमार लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांवरून तोच २१७३ काढला. म्हणजे समुद्राकडचं पाणी कमी होत असताना खोऱ्याचा हिशेबी येवा घटलेला नाही. दुसरी मालिका मात्र बरीचशी राज्यांनी दिलेल्या वापराच्या आकड्यांवर उभी आहे, म्हणून माझ्या मते तिच्यावरून कल ठरवू नये. त्यापेक्षा मोठ्या धरणांच्या वरची लहान पाणलोटं निवडा आणि तिथल्या केंद्रीय जल आयोगाच्या नोंदींवर चाचणी चालवा. सलग वर्षांतला सहसंबंध (एका वर्षाच्या आकड्याचं पुढच्या वर्षाशी असलेलं नातं) आधी काढून टाका, नाहीतर मान-केंडॉल नसलेला कल दाखवेल. २००१-०४ च्या अवर्षणावर मालिका संपवू नका. शेवट तिथे ठेवला की कुठलीही नदी आटलेली दिसते.