अनुभव धागा: मुलांच्या कपाटातली पुस्तकं आपण वाचतो तेव्हा

सांजवेळ
गेल्या दहाएक वर्षांत इंग्रजीत कुमारवयीन वाचकांसाठी जे लिहिलं गेलं, ते आपल्यापैकी बरेच जण मुलांच्या मागून वाचतात. त्यावर बोलायला हा धागा. याद्या नकोत, एखादंच पुस्तक धरा आणि त्यातलं काय मनात राहिलं ते सांगा.

मी सुरुवात करते. सबा ताहिर यांची 'ऑल माय रेज' (२०२२). कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातलं जुनिपर गाव, तिथे एका पाकिस्तानी कुटुंबाचं डबघाईला आलेलं मोटेल. आई मिस्बाहला मूत्रपिंडाचा आजार, डायलिसिसला पैसे नाहीत, वडील दारूत बुडालेले. आई जाते आणि मोटेल वाचवायला सलाहुद्दीन ड्रग्ज विकू लागतो. त्याची मैत्रीण नूर काकांच्या दारूच्या दुकानात राबते आणि त्यांना कळू न देता कॉलेजचे अर्ज भरते. मधूनमधून मिस्बाहचं लाहोरमधलं तरुणपण येतं, म्हणून ती नुसती 'हिरोची आजारी आई' उरत नाही. मुलांच्या रागाला आपण वयाचा दोष म्हणून मोकळे होतो. इथे प्रत्येक रागामागे कुणीतरी केलेला अन्याय आहे आणि लेखिका तो नीट दाखवते. या पुस्तकाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, ते योग्यच. घरात होणारी मारहाण आहे, त्यामुळे चौदाच्या आतल्या मुलांना देण्याआधी स्वतः वाचा.

रानवाट
मी माध्यमिक शाळेत शिकवते, मराठी माध्यम. माझी मुलं इंग्रजी कादंबरी वाचू शकत नाहीत, म्हणून ऑफ तासाला मी ली बार्डुगो यांची 'सिक्स ऑफ क्रोज' मराठीतून सांगत गेले. केटरडॅम हे बंदराचं शहर, तिथल्या टोळ्या, आणि कुणालाच न फोडता आलेल्या आइस कोर्टमधून एका माणसाला बाहेर काढायला निघालेले सहा जण. त्यांचा म्होरक्या काझ लंगडतो, काठी घेऊन चालतो. माझ्या वर्गात पायात कॅलिपर घालणारा एक मुलगा आहे, एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा. तो दर तासाला विचारायचा, "बाई, आज काझ कसा चढला?" जादूच्या जगातली गोष्ट, तरी काझचा पाय जादूनं बरा होत नाही. तो तसाच सगळ्यांच्या पुढे असतो. लेखिका स्वतः हाडांच्या आजारामुळे काठी वापरतात, हे मी गोष्ट संपल्यावर सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर येऊन बसला.

फँटसी म्हणजे पळवाट, असं स्टाफरूममध्ये ऐकते तेव्हा मला हा मुलगा आठवतो.

निळीशाई
सेकंड इयरला आहे. रानवाट ताईंना अनुमोदन, पण सगळ्याच फँटसीला नाही. होली ब्लॅक यांच्या 'द क्रूएल प्रिन्स'मध्ये पऱ्यांना खोटं बोलताच येत नाही, तरी त्या फसवतात. माणसाची मुलगी ज्यूड मात्र खोटं बोलू शकते आणि तेच तिचं बळ ठरतं. अशी एक पक्की कल्पना असली की पुस्तक उभं राहतं. हल्ली पुष्कळ ठिकाणी नुसते राजपुत्र आणि प्रेमाचे त्रिकोण असतात. ती मी अर्ध्यात सोडते.

दूरदेशी
न्यू जर्सीहून. लेकीनं 'द हेट यू गिव्ह' हातात दिलं आणि म्हणाली, "बाबा, नुसतं वाचा, मग बोलू." सोळा वर्षांच्या स्टारच्या डोळ्यांदेखत पोलीस तिच्या मित्राला, खलीलला, गोळी घालतो. मी थांबलो ते मात्र त्याच्याही आधीच्या एका आठवणीपाशी. स्टार बारा वर्षांची असताना तिचे वडील तिला समजावतात, पोलिसानं अडवलं तर हात दिसतील असे ठेव, अचानक हालचाल करू नकोस. मी माझ्या मुलीला बाराव्या वर्षी सायकलचं हेल्मेट घालायला सांगत होतो. तिच्याच वर्गातल्या काळ्या मुलांच्या घरी काय बोललं जात असेल, हे इतकी वर्षं इथे राहून माझ्या मनातही आलं नव्हतं. अँजी थॉमस यांचं हे पुस्तक २०१७ मध्ये आलं आणि त्याच वर्षी टेक्सासमधल्या केटी इथल्या शाळांतून काढलं गेलं. आम्ही दोघं त्या रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत.

पाऊलखूण
माझं वाचन नाही, ऐकणं आहे. विरार लोकलमध्ये 'द पोएट एक्स' ऐकलं. एलिझाबेथ अॅसेवेडो यांनी ते स्वतःच वाचलंय आणि त्या मुळात मंचावर कविता सादर करणाऱ्या, त्यामुळे जरूर ऐकाच. सगळी कादंबरी कवितांची. हार्लेममधली शिओमारा वहीत लिहिते, तिची धार्मिक आई ती वही जाळते. माझ्याही वह्या घरात उघडून वाचल्या जायच्या. दादर गेलं, लक्षातच आलं नाही.

निळीशाई
माझा मावसभाऊ तेरा वर्षांचा आहे. आजोबा आजारी आहेत आणि तो कुणाशी बोलत नाहीये. त्याला काय देऊ?

सांजवेळ
अदीब खोरम यांचं 'डरायस द ग्रेट इज नॉट ओके'. डरायस नैराश्यावर गोळ्या घेतो, त्याचे वडीलही घेतात, आणि पुस्तक ते लपवत नाही. आजोबा आजारी म्हणून घरचे सगळे इराणमधल्या यझ्दला जातात. तोवर त्यानं त्यांना फक्त स्क्रीनवर पाहिलेलं असतं. तिथे त्याला सोहराब नावाचा पहिला खरा मित्र मिळतो. पुस्तक हातात दे, पण कसं वाटलं असं लगेच विचारू नकोस.