टिपिंग बकेट कमी पाऊस दाखवून राहिली, कॅलिब्रेशन कसं करायचं?

गच्चीवाला_मानेवाडा
घरच्या वेदर स्टेशनचा रेनगेज (पर्जन्यमापक) आहे. आत दोन कप्प्यांची झुलती बकेट आहे, एक कप्पा भरला की ती पलटते, तो एक टिप. फनेलचा व्यास 16.5 सेंमी, एका टिपला 0.2 मिमी. मगानं लिटरभर पाणी दोन मिनिटांत ओतलं तर 196 टिप आले. सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळावरच्या हवामान खात्याच्या आकड्याशीही जुळत नाही. मृग लागायच्या आत नीट करायचंय. बकेटच्या दोन्ही कप्प्यांखाली एकेक स्क्रू दिसतो, कोणता फिरवू?

थेंब_मोजणारा
स्क्रूला सध्या हात लावू नका. 16.5 सेंमी व्यासाचं क्षेत्रफळ 214 चौ. सेंमी, म्हणजे 1 मिमी पावसाला 21.4 मिली पाणी आणि एका टिपला 4.28 मिली. लिटरला 233 टिप हवे होते. पण तुमच्या 196 वरून काहीच ठरत नाही भाऊ. दोन मिनिटांत लिटर म्हणजे ताशी 1400 मिमीचा पाऊस पाडला तुम्ही! बकेट पलटता पलटता धार भरलेल्याच कप्प्यात पडत राहते आणि ते पाणी हिशोबात येत नाही.

मेडिकलमधून सलाइनचा साधा सेट आणा, 1 मिलीला 20 थेंबवाला. लहान मुलांचा 60 थेंबवाला घेतला तर दिवस जाईल. लिटरच्या बाटलीच्या झाकणात सेटचं टोक घट्ट बसवा, बुडाला हवेसाठी बारीक भोक पाडून बाटली उलटी टांगा. फनेल आणि बकेट आधी ओले करून घ्या. दहाएक टिप पडू द्या, एक टिप पडल्याबरोबर सेटच्या नळीवरचा चिमटा बंद करा आणि बाटली सेटसकट किचनच्या काट्यावर तोला. मग तासाभरात 100 टिप होतील अशा वेगानं सोडा. शंभरावा पडला की चिमटा बंद, पुन्हा वजन. फरक 428 ग्रॅम आला पाहिजे. काम होईस्तोवर स्टेशनचं ऑनलाइन अपलोड बंद ठेवा, नाहीतर मे महिन्यात तुमच्या गच्चीवर 20 मिमी पाऊस पडलेला दिसेल.

पाणसळ
त्याच्याही आधी दोन गोष्टी. बूड पाणसळीनं दोन्ही दिशांनी तपासा. बकेट मऊ ब्रशनं, भांड्याच्या साबणाच्या पातळ पाण्यानं धुवा. उन्हाळ्याची धूळ बसली की कप्पा जड होतो. धुतल्यावर आतून बोट लावू नका, तेलकटपणानं पाणी चिकटून राहतं. बकेट ज्यावर झुलते त्या खिळीला तेल तर अजिबात नको, त्यावर धूळ बसते.

गच्चीवाला_मानेवाडा
धुऊन, लेव्हल करून मोजलं. 465 ग्रॅम लागले. सिरिंजनं वेगवेगळं पाहिलं तर डावा कप्पा 4.4 मिलीला पलटतो, उजवा 4.9 ला.

थेंब_मोजणारा
म्हणजे एक टिप खरा 0.217 मिमीचा आहे, म्हणून कमी दाखवतो. आता स्क्रू. इथं बहुतेक जण चुकतात: उजवा कप्पा भरताना डावा खाली टेकलेला असतो, म्हणून उजव्याचं माप डाव्याखालचा स्क्रू ठरवतो. तो वर चढवला की उजवा लवकर पलटेल. पाव आटा फिरवा, सिरिंजनं पुन्हा मोजा. उजव्याखालचा अगदी थोडा चढवायचा. दोन्ही 4.3 च्या आसपास आले की 100 टिपची चाचणी पुन्हा. स्क्रू जाम असतील तर जबरदस्ती नको; कन्सोलमध्ये, म्हणजे स्टेशनच्या आकडे दाखवणाऱ्या डब्यात, गुणक देता येत असेल तर 1.086 टाका.

पाणसळ
कन्सोलवर टिपचं माप 0.254 मिमी तर निवडलेलं नाही ना, तेही पाहा. ते असेल तर 27 टक्के जास्त दाखवेल.

आणि सोनेगावशी एकेका दिवसाची तुलना सोडा. जूनच्या गडगडाटी पावसात तिथं धो धो आणि मानेवाड्यात कोरडं, असं होतंच. गेजशेजारी सरळ भिंतीचं साधं मापक ठेवा आणि दोन्ही सकाळी 8:30 ला वाचा, हवामान खात्याचा दिवस तेव्हाच बदलतो. गेज कठड्याला चिकटवू नका. कठडा जितका वर आहे त्याच्या निदान दुप्पट लांब ठेवा. ताशी 100 मिमीच्या सरीत नीट केलेली बकेटही तीनेक टक्के कमीच दाखवेल, तेव्हा त्यासाठी पुन्हा स्क्रू पिळत बसू नका.