"विश्वास कमी पडला" हे वाक्य मंडळीत बंद व्हायला हवं की नको?

नेवाशाची लेक

पप्पांना जाऊन या पावसाळ्यात दोन वर्षं होतील. आता कुठे लिहिता येतंय.

आमचं घर नगर जिल्ह्यातलं, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. पणजोबा मराठी मिशनच्या शाळेत शिकले, तिथपासून. पप्पांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, दर वेळी चार तास. सरकारी योजनेत बसत होतं, त्यामुळे पैशांपेक्षा जाण्यायेण्याचेच हाल जास्त. अशात तालुक्याला तीन दिवसांची आरोग्यदान सभा भरली. बाहेरून आलेल्या प्रचारकांनी पप्पांच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईकवरून सांगितलं, "तुम्ही बरे झालात. आता विश्वासाने दावा करा. परत सुई टोचून घ्यायला गेलात तर देवाला खोटं ठरवाल." पप्पा सोमवारी गेले नाहीत, बुधवारीही नाहीत. बुधवारी रात्री श्वास लागला. छातीत पाणी, पोटॅशियम वाढलेलं. त्या वेळी वाचले. पाच महिन्यांनी झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, या दोन गोष्टींचा थेट संबंध लावता येणार नाही. मीही लावत नाही.

मला डाचतंय ते वेगळंच. माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना होती. एका काकूंनी आईचा हात हातात घेऊन, अगदी मायेनं म्हटलं, "भाऊंचा विश्वास कुठेतरी कमी पडला गं." आणि आई म्हणाली, "आमेन." सवयीनं. तो आमेन माझ्या कानातून जात नाही.

संकटात देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं? 'होणारच बरं' अशी खात्री धरायची? मग जो बरा होत नाही त्याच्या पदरी आजारही येतो आणि वर दोषही. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं, तुझंच काही चुकलं असेल म्हणाले, आणि बिघडलं. शेवटी देव रागावतो तो अलीफजवर आणि त्याच्या दोघा मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. एवढं पुस्तक आपल्या शास्त्रात असताना आपण अलीफजचीच री ओढतो. माझं मत स्पष्ट आहे. पाळकांनी वेदीवरून सांगावं, हे वाक्य कुणीही कुणाच्या घरी जाऊन बोलायचं नाही.

जिवंत पाणी

ताई, वाचून फार वाईट वाटलं. त्या प्रचारकाचं चुकलंच. औषध सोडा असं शास्त्रात कुठेही नाही. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, लूक तर वैद्यच होता.

पण सुक्याबरोबर ओलंही जाळू नका. "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" हे प्रभूचेच शब्द आहेत ना? नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे त्याने फारशी अद्भुतं केली नाहीत, हे मत्तयाने लिहून ठेवलंय. याकोब म्हणतो, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. ही वचनं तुम्ही कुठल्या खणात ठेवणार? माझ्या पत्नीच्या पोटात गाठ होती. मंडळीने एकवीस दिवस उपवास प्रार्थना केली. दुसऱ्या सोनोग्राफीत गाठ नव्हती. तुमचं दुःख खरं आहे म्हणून मी माझी साक्ष गिळायची का?

पुराव्यानिशी

गिळू नका, पण मोजणी पूर्ण करा. काही गाठी आपोआप विरतात, हे कुठलाही स्त्रीरोगतज्ज्ञ सांगेल. ज्यांची गाठ गेली ते रविवारी उभे राहून साक्ष देतात. ज्यांची गेली नाही ते उभे राहत नाहीत, आणि जे मेले ते येतच नाहीत. मग सभागृहाला वाटतं, प्रार्थना दर वेळी लागू पडते. लॉटरीच्या दुकानाबाहेरही बक्षीस लागलेल्यांचेच फोटो असतात.

जाता जाता. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखणं हा गुन्हा आहे. किडनीचा तिथे उल्लेख नाही. विंचवाचं नशीब.

जिवंत पाणी

लॉटरी म्हणता ते ठीक. तुमच्या घरात कुणी आयसीयूत असेल तेव्हा तुम्ही काय करता, तेही कधी लिहा.

पुराव्यानिशी

बाहेरच्या बाकावर बसतो. भीती वाटते. पण भीती वाटली म्हणून समोर कुणी आहे असं सिद्ध होत नाही.

वसईकर आजोबा

मी कॅथलिक, वय 74. आमच्याकडे दावा वगैरे नाही, आमच्याकडे नवस. वांद्र्याच्या मोत मावलीला, म्हणजे माउंट मेरीला, मेणाचे हात, पाय, बाळं, हल्ली तर घरंसुद्धा वाहतात. मीही बायकोसाठी मेणाचा पाय वाहिला आहे. पाय काही बरा झाला नाही. तिचा तरीही रुसवा नव्हता, माझा होता.

लेकी, वाक्य बंद करून काय होणार? काकू ते मनात म्हणतील. त्यापेक्षा लोकांना हे सांगा, की मोठ्या मोठ्यांनाही देव जाणवेनासा होतो. मदर तेरेसांची पत्रं 2007 साली बाहेर आली तेव्हा आमच्या धर्मग्रामात कित्येकांना धक्का बसला होता. कोलकात्यात रस्त्यावरच्या मरणाऱ्यांना उचलणारी ही बाई आतून वर्षानुवर्षं कोरडी होती, प्रार्थनेत समोर कुणी नाही असं तिला वाटायचं. मला मात्र तेव्हा बरं वाटलं होतं. वाटलं, चला, आपण एकटे नाही.

दुःख आलं तर ते क्रुसाला जोडावं, एवढंच आम्हाला शिकवलं.

नेवाशाची लेक

आजोबा, मदर तेरेसांचं पटलं. पण "क्रुसाला जोडा" हे बहुतेक वेळा बाईलाच सांगितलं जातं, हेही तुम्ही पाहिलं असेल. नवरा मारतो, क्रुसाला जोड. सासू छळते, क्रुसाला जोड.

वसईकर आजोबा

पाहिलंय. नाही म्हणत नाही.

मिरजेची सिस्टर

मी 31 वर्षं नर्सिंग केलं. शिकले मिरजेच्या मिशन दवाखान्यात, वानलेस साहेबांनी उभारलेल्या. ते मिशनरीही होते आणि सर्जनही, हे तिथल्या भिंतींनाही माहीत. आमच्या वेळी सकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची आणि मग ऑपरेशन थिएटरकडे ट्रॉल्या निघायच्या. प्रार्थना झाली म्हणून कुणी हात धुवायचं सोडलं नाही.

बाळा, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. एक बोलू का? तुझ्या पप्पांना त्या प्रचारकाने फसवलं हे खरं, पण अर्धंच. मी डायलिसिसचे पेशंट खूप पाहिलेत. पहिलं वर्ष सरलं की माणूस विटतो. दिवसाला मोजून पाणी, फळं बंद, डाळ उकळून पाणी फेकायची, हाताला फिस्टुलाची, म्हणजे सुईसाठी जोडलेल्या शिरेची, ती गुरगुर. त्यांना सुट्टी हवी असते. मागायची लाज वाटते, कारण घरची सगळी त्यांच्यासाठी धावत असतात. त्या माणसाने तुझ्या पप्पांना सुट्टी दिली, तीही देवाच्या नावाने. त्यांनी ती घेतली. त्याला विश्वास म्हण की थकवा, मला नाही सांगता येत.

जास्त विश्वासाचा पेशंट जास्त जगला, असं मी काही पाहिलं नाही. पण रात्री दोन वाजता ज्याला कुणाशी तरी बोलायला असायचं, मग तो देव का असेना, तो कमी बेल वाजवायचा. एवढं मात्र पाहिलं.

नेवाशाची लेक

सिस्टर, हे वाचून मी फोन बाजूला ठेवून दिला होता.

डायलिसिस चुकवलेल्या त्या पाच दिवसांत पप्पांनी कलिंगड खाल्लं. पोटभर. तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायले. आई ओरडली तर हसले, म्हणाले, "बरा झालोय ना मी?" मला इतके दिवस वाटायचं ते भोळे होते. आता वाटतंय, त्यांना सगळं कळत होतं.

केडगाव लाइन

विषय भरवशाचा आहे म्हणून पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच नवरा पटकीने. 1883ला बाप्तिस्मा, 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा केडगावला आणल्या. 1921 साली एकुलती एक लेक मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. रमाबाईंनी हाती घेतलेलं बायबलचं भाषांतर तरीही सोडलं नाही. पुढच्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. याला म्हणतात देवावरचा भरवसा. आपण दोन संकटांत डगमगतो.

पुराव्यानिशी

रमाबाईंच्या गोष्टीची सुरुवात तुम्ही एका ओळीत उरकलीत. त्यांच्या वडिलांनी जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात आणि तीर्थयात्रांत घातलं, देव सांभाळेल म्हणून. आणि मग उपासमार. तोही भरवसाच होता ना? तो फळला नाही तर अंधश्रद्धा, आणि केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं तर श्रद्धा. शिवाय केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना छापखान्याचं काम शिकवलं. श्रेय बाईंना द्या की.

केडगाव लाइन

द्यायला हरकत नाही. पण त्या स्वतः ते घेत नव्हत्या, त्याचं काय करायचं?

नेवाशाची लेक

मला यात दोघांचंही अर्धं पटतं. घरातलं सगळं देवाला वाहूनही अन्न मिळत नाही, हे ज्या मुलीने पाहिलं, ती पुढे सौदा न करणाऱ्या देवाकडे गेली असावी, असं मला वाटतं. हा माझा तर्क. पण "आपण दोन संकटांत डगमगतो" हे कशाला, दादा? पुन्हा तेच झालं. कमी पडलो.

इंद्रायणीकाठ

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. तुकोबांची एक बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली. त्यानंतर ते विठोबाशी किती भांडले, ते गाथ्यात आहे. भांडण हासुद्धा भरवसाच. परक्याशी कोण भांडतं?

जिवंत पाणी

विषय ख्रिस्ताचा चालला आहे, इतकंच नम्रपणे सांगतो.

वसईकर आजोबा

अहो, क्रुसावरून ख्रिस्तानेही "तू माझा त्याग का केलास?" असंच विचारलं. बोलू द्या त्यांना.

जिवंत पाणी

मान्य. पण तिसऱ्या दिवशी तो कबरेतून उठला, तेही सांगा. दानीएलाच्या पुस्तकातले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाच्या मूर्तीला नमले नाहीत म्हणून भट्टीत गेले ते "आमचा देव सोडवील" म्हणून, आणि सुटले. आशाच काढून घेतली तर दुखणाइताच्या उशाशी बसून काय सांगायचं?

नेवाशाची लेक

पुढची ओळ वाचा ना. "न सोडवले तरी" असं ते राजाला आधीच सांगून टाकतात. भट्टीत जाण्यापूर्वी. आमच्या तालुक्यातल्या त्या सभेत एवढे चार शब्द कुणी उच्चारले असते तर पप्पा सोमवारी डायलिसिसला गेले असते आणि देवही खोटा ठरला नसता. आणि पौलाचं सांगता तर, त्याने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली, काटा राहिला. त्रफिमाला, आपल्या सोबत्याला, तो मिलेत शहरात आजारीच सोडून पुढे गेला. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे?

साक्षीवरून एक राहिलं. वरती कुणी म्हणालं, न मिळालेले उभे राहत नाहीत. आई उभी राहिली होती. पप्पांनंतर पाचव्या की सहाव्या रविवारी, साक्षीच्या वेळेला. मला वाटलं, आता "प्रभूने सांभाळलं" म्हणेल आणि बसेल. ती म्हणाली, "मी मागितलं ते मला मिळालं नाही. मी रागावले आहे. घरी बसवेना म्हणून आले." आणि बसली. कुणाला कळेना आमेन म्हणायचं की नाही. पाळकांनी घसा खाकरला आणि पुढच्या गीताचा नंबर सांगितला.

त्या काकू मागच्याच बाकावर होत्या. गीत संपेपर्यंत त्यांचा हात आईच्या पाठीवर होता. हेही लिहायला हवं.

जिवंत पाणी

अशी साक्ष आमच्या मंडळीत मी कधी ऐकली नाही. कुणाला द्यायची असेल तर द्या, असं येत्या रविवारी पाळकांना विचारून बघतो. ते हो म्हणतील असं वाटत नाही.

पुराव्यानिशी

म्हणाले तर कळवा. मी येऊन मागे बसेन.