मदत हवी आहे: पद्मिनीच्या एसीचा ब्लोअर फक्त तिसऱ्या वेगावर चालतो, रेझिस्टर पुन्हा पुन्हा जळतो

सर्वांना नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. माझ्याकडे 1089 सीसीची प्रीमियर पद्मिनी असून तिच्यात डॅशबोर्डच्या खाली बाहेरून बसवून घेतलेला जुना एसी आहे. त्याच्या ब्लोअरला तीन वेग आहेत, त्यांपैकी पहिले दोन बंद पडले आहेत आणि तिसरा व्यवस्थित चालतो. थंडावा उत्तम आहे, त्यामुळे गॅस भरून पाहा हा सल्ला कृपया बाजूला ठेवावा.

तिसरा वेग मिळतो याचा अर्थ फ्यूज, मोटर आणि अर्थिंग निदान कामचलाऊ स्थितीत आहेत, कारण तिसऱ्या वेगाला वीज थेट मोटरकडे जाते आणि पहिल्या दोन वेगांना ती रेझिस्टरच्या (प्रवाह कमी करून मोटर हळू फिरवणाऱ्या तारेच्या) वेटोळ्यांतून जाते. रेझिस्टर उघडून पाहिला तेव्हा तार तुटलेली होती. नवीन बसवला, काही आठवडे तिन्ही वेग मिळाले आणि मग तोही तसाच जळाला. वायरमनचे म्हणणे आहे की पहिले दोन वेग सोडून द्यावेत आणि ब्लोअर डायरेक्ट करून घ्यावा. मला ते पटत नाही. माजिवड्याच्या कोंडीत गाडी आयडलवर उभी असताना हेडलाइट आणि ब्लोअर दोन्ही पूर्ण जोरावर चालवले की दिवे मंद होतात, आणि पावसाळ्यात काचेवरचे बाष्प घालवण्यासाठी तर हळू वेगावर सतत चालणारा ब्लोअरच हवा असतो.

मुख्य प्रश्न रेझिस्टर का जळतो हा आहे. तो मुद्दामच हवेच्या मार्गात बसवलेला असतो, म्हणजे वाहती हवा त्याला थंड ठेवते. कूलिंग कॉइल धुळीने चोंदली असेल तर ही हवा कमी होते. परंतु पिंजऱ्यासारख्या पंख्याच्या ब्लोअरमध्ये हवा अडली की मोटरवरचा भार कमी होतो आणि ती कमी अँपिअर घेते. उलट मोटरचे बुश (दांड्याला आधार देणारी कडी) कोरडे पडून आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जड फिरत असेल तर अँपिअर वाढतात. त्यामुळे मोजलेल्या अँपिअरवरून या दोन कारणांत निवड करता यावी, असा माझा तर्क आहे. डीसी क्लॅम्प मीटरने तिसऱ्या वेगावर सुमारे 13 अँपिअर दिसले, पण मूळ आकडा माहीत नसल्याने ते जास्त आहेत की योग्य, हे ठरत नाही.

आणखी एक लक्षण मला फार महत्त्वाचे वाटते. नवा रेझिस्टर चालू होता तेव्हा सकाळी पहिल्या वेगावर ब्लोअर कधी कधी सुरूच होत नसे. आधी तिसऱ्यावर फिरवून मग खाली आणला की चालत असे. मोटर अडकून उभी राहिली तर हवाही नाही आणि प्रवाहही सर्वांत जास्त, अशी दुहेरी आपत्ती रेझिस्टरवर येते. पहिल्या वेगाची तार दीड ओहमची आहे. तिच्यातून 6 अँपिअर गेले तरी 54 वॉट उष्णता तयार होते. म्हणूनच लॅमिंग्टन रोडवर मिळणारा 10 वॉटचा चिनी मातीचा रेझिस्टर लावण्याचा सल्ला मी मानलेला नाही.

जाता जाता एक नोंद: इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.6 व्होल्ट आणि मोटरच्या टोकांवर 12.1 व्होल्ट मिळतात. अर्थच्या बाजूची घट 0.2 व्होल्टच आहे आणि नॉब गरम होतो, त्यामुळे उरलेली घट बहुधा स्विचमध्ये असावी. म्हणून तिसऱ्या वेगाचा मोठा प्रवाह स्विचमधून जाऊ नये यासाठी वेगळा रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवणार आहे.

जाणकारांना विनंती अशी की ज्यांच्या पद्मिनीत किंवा अँबेसिडरमध्ये असाच डॅशखालचा एसी आहे, त्यांनी तिसऱ्या वेगावरचे अँपिअर मोजून येथे लिहावेत आणि त्यासोबत कॉइल स्वच्छ आहे की नाही हेही सांगावे. बुश बदलून आणि कार्बन (आर्मेचरला वीज पोहोचवणारे ब्रश) नवीन टाकून जुनी मोटर पूर्ववत झाल्याचा कोणाला अनुभव आहे का, की आर्मेचरही रिवाइंड करावे लागते? ठाणे, तुर्भे किंवा वाशी परिसरात असे काम मन लावून करणारे कारागीर कोठे आहेत? कुर्ल्याच्या बाजारात तयार मोटर मिळेल असे काही जण म्हणतात, परंतु पंख्याचे माप आणि फिरण्याची दिशा जुळली नाही तर ती निरुपयोगी ठरेल, म्हणून शक्यतो मूळ मोटरच दुरुस्त करायची आहे. पूर्ण डबा उतरवल्याशिवाय मोटर बाहेर निघते का, म्हणजेच गॅसच्या नळ्या न सोडता हे काम होते का, एवढे कळले तरी मी येत्या रविवारी सुरुवात करू शकेन.